आजीचं भजन आणि तुझा योगा क्लास

प्रिय बेटा,

परवा तू विचारलंस, "क्लासमध्ये मंत्र लावतात, सगळे डोळे मिटून बसतात, मला मात्र असाइनमेंटच आठवते. आणि आजीच्या गावचं भजन म्हणजे केवढा गोंगाट! त्यात तिला शांत कसं वाटतं?" फोनवर हे सांगून झालं नसतं, म्हणून लिहिते आहे.

गोंगाटाचं तुझं बरोबर आहे. तिवसा तालुक्यातल्या आपल्या गावात मारुतीच्या पारावर मंडळी बसली की पंधरावीस टाळ, पखवाज, पेटी आणि वर भोंगा. भोंग्याची बाजू मी घेणार नाही. काकड्यासाठी पहाटे चारला अख्ख्या गावाला उठवायचं काही कारण नाही, बारावीच्या पोरांना तर मुळीच नाही. पण भोंगा उतरवला तरी भजन मोठ्यानंच होईल, कारण तिथे ऐकणारा असा कोणी वेगळा नसतोच. तुमच्या क्लासात मंत्र स्पीकर म्हणतो आणि तुम्ही नुसते बसता. रिकामं डोकं मग असाइनमेंटकडे जाणारच.

पारावर तेवढी सवड मिळत नाही. पुढचा माणूस चरण सोडतो, तो मागच्यांनी उचलायचा. हातात टाळ, तोंडात शब्द, कान पखवाजाकडे. (पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, म्हणून त्याचा आवाज असा जड येतो. लहानपणी आम्ही ती कणीक पळवायचो.) ध्रुपद, म्हणजे अभंगाची परत परत येणारी ओळ, संथ सुरू होतं, हळूहळू लय चढते, गजर टिपेला पोचतो आणि एका थापेवर सगळे थांबतात. तुझा टाळ मागे राहिला तर शेजारची काकू कोपरानं ढोसते. माझ्या मते त्या ढोसण्यातच अर्धं काम होतं.

उरलेलं काम श्वास करतो. ओळ एका दमात म्हणायची तर श्वास सावकाश, लांब सोडावा लागतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये लोकांना लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि 'ॐ मणिपद्मे' हा बौद्ध मंत्र म्हणायला लावून मोजणी केली. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाचे ठोके, रक्तदाब त्याच लयीत डोलू लागले. देव वेगळे, भाषा वेगळ्या, छातीचा भाता तोच. आपल्या भजनावर असं कोणी यंत्र लावलेलं माझ्या पाहण्यात नाही. पण हरिपाठाचे सत्तावीस अभंग एका बैठकीत म्हणून उठलेल्या बायकांचे चेहरे मी पाहिलेत.

आजीला हे सांगितलं तर ती हसेल. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्या कार्तिकात ती रोज काकड्याला जायची. मी विचारलं, "एवढं सगळं झालं, तरी कशी जातेस?" म्हणाली, "मंग घरी बसून का करू वं? तठी टाळ हाती असला का हिशोब डोक्यात शिरत नाई." कर्ज तसंच राहिलं, ते फेडायला पुढची दोन पिकं गेली. भजनानं कापसाला भाव मिळतो असं तुला कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नकोस. तिला झोप लागायची, एवढंच.

आणि शांती हवी म्हणून पारावर कोणी जात नाही. सप्ताह आहे, पाळी आपली आहे, म्हणून जातात. कपाशीच्या ओळींत तूर पेरतात ना, तशी शांती मधल्या ओळीत आपली येते.

आपल्या भागात तर भजनानं याहून मोठी कामं केली. गावापासून जवळच गुरुकुंज मोझरी. १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी तिथे आश्रम काढला. हातात खंजिरी, एवढंच त्यांचं वाद्य. १९५५ मध्ये ते जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत गेले. त्यांची सामुदायिक प्रार्थना विदर्भातल्या कितीतरी गावांत आजही संध्याकाळी होते. कोणत्या जातीचा, कोणत्या देवाचा, कोणी विचारत नाही, रांगेत बसायचं. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात 'गोपाला गोपाला'चा गजर करवायचे. हजारो माणसं एका सुरात आली की मग विचारायचे, देवाला कोंबडं-बकरं कशाला कापता, पोरांना शाळेत का घालत नाही? नुसत्या उपदेशाला लोक थांबले असते का, मला शंका आहे.

तुझा दुसरा प्रश्न, यासाठी देवावर विश्वास हवा का? तुझे आजोबा देवळात हात जोडायचे नाहीत आणि पेटी मात्र तेच वाजवायचे. मंडळींनी त्यांना कधी काही विचारलं नाही.

क्लास सोडू नकोस, पण स्पीकरबरोबर तोंडानं म्हणून बघ. तिथे चालत नसेल तर गाणारी मंडळी शोध, चर्चचा क्वायरही चालेल. डिसेंबरात गावी येशील तेव्हा दत्तजयंतीचा सप्ताह असेल. सात दिवस अहोरात्र वीणा कोणाच्या तरी गळ्यात असते, ती खाली ठेवायची नाही. त्यासाठी पहारे लावतात. मामाला सांगून तुझं नाव यादीत टाकते. नवख्यांना बहुधा रात्री दोन ते चारचाच पहारा मिळतो, तो कोणाला नको असतो. स्वेटर आण.

तुझी,
आई