पहिल्यांदाच पीएलसीला (मशीनच्या कंट्रोलरला) सेन्सरचा सिग्नल वाचून देणारं ०-१० व्होल्टचं मॉड्यूल जोडतोयस ना? मग एवढंच बघ

घाबरू नकोस रे, पण आधी पॅनलचा सप्लाय बंद कर आणि खरंच बंद झालाय का ते मीटरने बघ. नवीन पोरं हमखास करतात ती चूक म्हणजे २४ व्होल्टची वायर सरळ इनपुटला, मी पण रबाळे एमआयडीसीत असताना मॉड्यूलचा एक चॅनेल (एक इनपुट) असाच उडवला होता, तो जळका वास अजून नाकात आहे. म्हणून सप्लाय देऊन सेन्सरचं आउटपुट आधी मीटरवर बघायचं, मग परत बंद करूनच स्क्रू आवळायचा.

- नुसता प्लस आणून भागत नाही, सिग्नलचा मायनस पण आण, नाहीतर रीडिंग नाचत राहतं
- शिल्डेड केबल (आत धातूची जाळी असलेली) घे, शिल्ड एकाच टोकाला अर्थ कर, केबल ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या युनिटच्या) मोटर केबलपासून लांब ठेव
- मॉड्यूल व्होल्टेज वाचतंय की करंट, ते सेटिंग तपास

फिल्टर वगैरे नंतर. आधी ५ व्होल्ट देऊन रीडिंग पूर्ण रेंजच्या बरोबर निम्मं येतंय का सांग.