सावंतवाडीची लाकडी फळं ऑनलाइन कुठे विकावीत?

प्रश्न : ताई, आम्ही सावंतवाडीजवळ राहतो. सासरे आणि नवरा लाकडी फळं करतात, माल चितारआळीतल्या दुकानांत देतो. पावसाळ्यात पर्यटक नसले की विक्री थंडावते, म्हणून ऑनलाइन विकायचं ठरवलंय. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, एट्सी यांत सगळ्यात कमी कमिशन कुठे आहे?

उत्तर : कमिशन नंतर बघू. आधी टेप घेऊन खोकं मोजा. मी रत्नागिरीहून करवंटीच्या वाट्या आणि दिवे विकते. कमिशनपेक्षा कुरिअरच जास्त पैसे खातं. पाच फळांची परडी नीट गुंडाळून भरली, तर खोकं साधारण ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरचं होईल. बहुतेक कुरिअर कंपन्या या तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागतात. उत्तर ३ किलो. फळं किलोभर भरली तरी कुरिअरचे पैसे ३ किलोचेच लागतात. म्हणून परडी बाजूला ठेवा. दोन-दोन फळांच्या जोड्या छोट्या, घट्ट खोक्यात विकायला काढा.

मीशो विक्रेत्याकडून कमिशन घेत नाही, पण तिथलं गिऱ्हाईक स्वस्ताई शोधत येतं. सासऱ्यांनी हापूसच्या देठाजवळचा तांबूस रंग खाली पिवळ्यात कसा विरवत नेलाय, याची किंमत तिथे मिळणं कठीण. ती देणारा माणूस हाताची वस्तू मुद्दाम शोधत येतो. त्यासाठी ॲमेझॉनचं 'कारीगर', फ्लिपकार्टचं 'समर्थ' आणि वस्त्रोद्योग मंत्रालयाचं 'इंडियाहँडमेड' पाहा. 'इंडियाहँडमेड' कमिशन घेत नाही. नवऱ्याचं 'पहचान' कारागीर ओळखपत्र नसेल, तर त्याचा अर्ज आजच करा.

एट्सीवर परदेशी गिऱ्हाईक मिळतं. प्रत्येक वस्तूच्या नोंदीला ०.२० डॉलर, तेही चार महिन्यांपुरते, आणि विक्रीवर ६.५ टक्के, हे टक्के टपालखर्चावरही लागतात. शिवाय निर्यातीसाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक हवा. तिकडे पुढच्या वर्षी जा.

जीएसटीची धास्ती घेऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय, नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन, पोर्टलवरून राज्यातल्या राज्यात माल विकता येतो. पोर्टलवरून राज्याबाहेर पाठवायचं तर नोंदणी लागतेच. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष पुण्या-मुंबईचंच गिऱ्हाईक धरा. तिथल्या कोकणी घरांना ही फळं काय आहेत ते समजावून सांगावं लागत नाही.

एका पोर्टलवरून माझी वाटी 'रंग फोटोसारखा नाही' म्हणून परत आली होती. करवंटी प्रत्येक नारळाची वेगळी, पण तक्रार करणाऱ्याला ते कोण सांगणार? त्यामुळे पोर्टल ठरवण्याआधी परतीचा खर्च कोणाच्या माथी येतो ते वाचा, आणि वर्णनात 'हातानं रंगवलेलं, छटेत फरक असेल' हे पहिल्याच ओळीत लिहा. फोटो सकाळच्या उजेडात, पडवीत काढा. आणि पावसाळ्यात रंग पुरता सुकल्याशिवाय फळ कागदात गुंडाळू नका, नाहीतर ते चिकटून कागदाचा ठसा उमटतो.