पॅडलच्या मागं काय आहे ते आधी बघ

बाळा,

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा मेसेज वाचला. दोन ओळीत उत्तर देण्यासारखं ते नाही, म्हणून सकाळी गॅरेजचं शटर उघडायच्या आधी बसून लिहायलोय. पहिली स्पोर्टी गाडी घ्यायची तर मॅन्युअल घेऊ का पॅडलवाली असं तू विचारलंस, मनातल्या दोन गाड्यांची यादी दिलीस, आणि खाली लिहिलंस की पुण्यातले मित्र म्हणतात आता मॅन्युअल घेणं म्हणजे पैसे पाण्यात. मित्रांचं सोड. माझं मत आधी सांगून टाकतो, कारणं मागून येतील, तुझ्या पहिल्या गाडीला क्लच असू दे. पण पॅडल वाईट म्हणून नाही बरं का, हे पक्कं ध्यानात ठेव.

पॅडल म्हणजे काय बे? स्टेअरिंगच्या मागं लावलेलं बटन. उजवं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली, संपलं. ते बटन पुढं कुणाला जाऊन सांगतंय त्यावर सगळा खेळ आहे. हेच बटन सीव्हीटीला पण लावतात, तिथं तर खरे गिअर नसतातच, दोन पुलींवर बेल्ट असतो आणि कॉम्प्युटर मधेमधे थांबून गिअर बदलल्यासारखं करून दाखवतो. हेच टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पुढं देणाऱ्या ऑटोमॅटिकला असतं, हेच ड्युअल क्लचला असतं. शोरूममध्ये तिन्हीला एकच वाक्य, सर पॅडल शिफ्टर्स आहेत. पोरं तिथंच खूश होऊन बुकिंग करून येतात. तू मात्र पहिला प्रश्न हाच विचार की मागं गिअरबॉक्स कुठला, आणि सेल्समनला सांगता आलं नाही तर वर्कशॉपमध्ये जाऊन विचार, लाजू नको.

हे बटन आलं कुठून ते तुला माहीत पाहिजे, कारण ते आरामासाठी आलेलं नाही. १९८९ साली फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये ६४० नावाची गाडी उतरवली, जॉन बर्नार्डने डिझाइन केलेली. त्या माणसाला गिअरचा दांडा आणि मागं गिअरबॉक्सपर्यंत जाणारी त्याची सळई काढूनच टाकायची होती, म्हणजे ड्रायव्हर बसतो ती जागा अरुंद करता येते आणि हवा नीट कापता येते. हात स्टेअरिंगवरून सुटत नाही हा फायदा तर होताच. सीझनच्या आधी ती गाडी एवढी बंद पडायची की पूर्ण रेस टिकेल असं कुणालाच वाटत नव्हतं, आणि ब्राझीलच्या पहिल्याच रेसमध्ये नायजेल मॅन्सेलने ती जिंकून दाखवली. त्यानंतर काही वर्षांतच एफ वनमधून दांडा गेला तो गेलाच. रस्त्यावरच्या फेरारीत पॅडल आलं १९९७ ला, एफ३५५ मध्ये.

आता एक गोष्ट सांगतो, मला लै आवडते ती. त्या फेरारींच्या पॅडल गिअरबॉक्सच्या कामात मॅग्नेटी मारेली ही इटलीची कंपनी होती, आणि २०१४ ला आपल्याकडं मारुती सेलेरिओत पहिल्यांदा एएमटी आलं ते पण मॅग्नेटी मारेलीचंच. मूळ कल्पना एकच, आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच पण एकच, फक्त पाय आणि हाताचं काम मशीन करतं. म्हणून सेलेरिओ गिअर बदलताना मान हलवते ना, तशीच ती जुनी पॅडलवाली फेरारी पण द्यायची झटका. क्लच एक असला की तो सोडून परत धरेपर्यंत मधे जोर तुटणारच.

तो जोर तुटू नये म्हणून ड्युअल क्लच. पोर्शेने ऐंशीच्या दशकात रेसच्या ९५६ आणि ९६२ वर ते वापरून बघितलं, रस्त्यावर विकायच्या गाडीत आधी फोक्सवॅगनने आणलं, २००३ ची गोल्फ आर३२. आत दोन क्लच असतात, एकाकडं १-३-५, दुसऱ्याकडं २-४-६. तू दुसऱ्यात चाललेला असताना तिसरा आधीच लावून ठेवलेला असतो, पॅडल ओढलं की एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो, मधे गॅप नाही. माणसाला चांगली सवय असली तरी क्लच दाबून, गिअर टाकून, परत सोडून अर्धा सेकंद जातोच, ह्याचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. वेगात मॅन्युअल हरलं, यात वाद घालू नको आणि कुणी घालत असेल तर ऐकू पण नको.

मग पोर्शेचंच पुढचं बघ. २०१३ ला त्यांनी नवी ९११ जीटी३ आणली ती फक्त पीडीकेवर, म्हणजे त्यांच्या ड्युअल क्लचवर, मॅन्युअल बंद. गाडी आधीपेक्षा फास्ट होती तरी गिऱ्हाईक हळहळली. २०१६ ला ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, ९९१ गाड्या, त्या लगेच संपल्या. आणि २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आलं. एवढे पैसे मोजणारा माणूस आपल्याच गाडीचा हळू गिअरबॉक्स मागून घेतो, तर त्याला त्यात काहीतरी मिळत असणार की नाही? ते काय मिळतं तेच तुला सांगायचंय.

तुला तो अर्धा सेकंद कुठं लागणार आहे सांग. पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर, टॉपच्या गिअरमध्ये पडून राहायचं, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णीला उतरायचं-चढायचं, मोहोळनंतर घर दिसायला लागतं. त्यात गिअर बदलून वाचतील ते किती, पाच-दहा सेकंद? ट्रॅकवर उतरणार असशील तर गोष्ट वेगळी, तिथं तेच सोनं आहे. पण तुझ्याकडं आत्ता सेकंद कमी नाहीत, तुला अजून गाडी ऐकू येत नाही. रागावू नको. दिवाळीत तू मला तुझ्या वडिलांच्या गाडीतून विजापूर रोडनं सोरेगावपर्यंत नेलंस तेव्हा बघितलं मी, चौथ्यात चाळीसवर गाडी थरथरत होती आणि तू गाण्याचा आवाज वाढवलास.

माझे वडील लूमवर होते. कारखान्यात एवढा खडखडाट की शेजारचा बोललेला ऐकू येत नाही, आणि त्यात पाठमोरे उभे असताना कुठल्या लूमचा धागा तुटला ते त्यांना कळायचं. मी गॅरेजला लागलो तेव्हा उस्तादांनी पहिले सहा महिने पाना हातात दिला नाही, नुसतं ऐकायला लावलं. तेव्हा राग यायचा.

खाली गिअर टाकायचं उदाहरण घे. तिसऱ्यात तीन हजार आरपीएमवर चाललायस आणि पुढं वळण आहे, दुसरा पाहिजे. त्याच स्पीडला दुसऱ्यात इंजिन साधारण चार हजार चारशेवर फिरणार, गाडीप्रमाणं थोडं इकडंतिकडं. तू क्लच दाबलास, दुसरा टाकलास आणि क्लच तसाच सोडलास तर ते मधले चौदाशे आरपीएम कोण भरणार? क्लच प्लेट घासून भरणार, पुढची चाकं हिसका खाणार. आणि क्लच दाबलेला असताना एक्सिलेटरला नेमका तेवढाच टोला दिलास तर गिअर लोण्यात सुरी गेल्यासारखा बसतो. जुने ट्रक ड्रायव्हर डबल क्लच मारायचे ते यासाठीच, त्यांच्या गिअरबॉक्सला सिंक्रो, म्हणजे गिअरचा वेग जुळवणाऱ्या रिंगा, नसायचे. पॅडलवाल्या गाडीत हा टोला कॉम्प्युटर देतो, तुझ्यापेक्षा चांगला देतो, पण तो कधी आणि किती दिला हे तुला कळत नाही. एकदा पायानं शिकलास की मग पॅडल ओढल्यावर मागं काय घडतंय ते आवाजावरून दिसेल तुला.

आणि गिअर ढकलू नको. आत्ता माझ्या टेबलावर दोन सिंक्रो रिंगा पडल्यात, एक नवी, एक उघडलेल्या गाडीतली. पितळेची बांगडी समज, आतल्या अंगाला एकदम बारीक आटे. नव्या रिंगेत नख फिरवलं की कर्र लागतं, जुन्या रिंगेत नख घसरतं, काच असल्यासारखं. ते आटे तेल कापून गिअरच्या उतारावर घट्ट बसतात, दोघांचा वेग जुळवतात आणि मग दात एकमेकांत जातात. दांडा ढकलताना मधे क्षणभर तो अडल्यासारखा वाटतो ना, तेव्हा ही रिंग काम करत असते. तिथं थांब. दोन बोटांनी नुसता धरून ठेव, आपोआप आत जाईल. जो तिथं मूठ आवळून दाबतो त्याची रिंग काचेसारखी होऊन माझ्या टेबलावर येते.

उन्हाचं पण बोलू. आपल्याकडं मे महिन्यात ४४ ला पारा जातो, सात रस्त्याला संध्याकाळी गाडी इंचाइंचानं सरकते. ड्युअल क्लचमध्ये दोन प्रकार, ओला म्हणजे तेलात बुडालेला आणि कोरडा. कोरडा जास्त तापतो, कारण तू ब्रेक अर्धवट सोडून गाडी सरकवतोस तेव्हा आतला क्लच अर्धा धरून घासत असतो, तुझा पाय मोकळा असल्यामुळं तुला पत्ताच नाही. मॅन्युअलमध्ये हाफ क्लच केलास तर निदान पाय दुखतो, वास येतो. मागच्या उन्हाळ्यात एकाची गाडी आली, डॅशबोर्डवर गिअरबॉक्स गरम झाल्याची वॉर्निंग, कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी सरळ पूर्ण युनिट बदला म्हणून सांगितलं होतं, ते पण नीट तपासणी न करता, आकडा ऐकून तो माणूस रडायच्या बेताला आलेला. अशी गाडी घेतलीसच कधी तर पुढच्या गाडीपासून अंतर पडू दे, मग एकदम पुढं घे आणि ब्रेक पूर्ण दाबून थांब. चढावर एक्सिलेटरवर गाडी तोलून धरू नको, कितीही सोपं वाटलं तरी.

आता तुझ्या यादीकडं येतो. आय२० एन लाइन मॅन्युअल आणि ड्युअल क्लच दोन्हीत मिळते, तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का नाही तो वाद आपण नंतर घालू, पण शिकायला चांगली आहे, एक लिटर टर्बो, १२० पीएस. एका दिवशी दोन्ही चालवून बघ, आणि फक्त शहरात नको. तामलवाडी सोडून तुळजापूरच्या घाटात ने, कोजागिरीला आपण चालत जातो तोच रस्ता, प्रत्येक वळण तुझ्या पायाला माहीत आहे. चढताना दोन्ही मजा देतील. उतरताना बघ, दुसऱ्यात टाकून ब्रेकवरून पाय काढ आणि इंजिन गाडीला कसं मागं ओढून धरतं ते अंगाला लागू दे. पॅडलनं पण दुसरा लागतो, पण स्पीड जास्त असेल तर गिअरबॉक्स तुझं ऐकणारच नाही, इंजिन वाचवतो तो. मॅन्युअल मात्र ऐकतं, चुकीचं सांगितलंस तरी ऐकतं आणि इंजिन फोडून घेतं, म्हणून तिथं तू जागा राहतोस. आईला शेजारी बसवून नेशील तेव्हा हे उतारावरचं काम तुला येत असलं पाहिजे.

दुसरी ती जुनी जर्मन गाडी, ऐंशी हजार किलोमीटर झालेली, पॅडलवाली. फोटोवर टोकन देऊ नको. मालकाला सांग रात्रभर गाडी उभी ठेव, सकाळी आपण आल्याशिवाय चावी लावायची नाही. थंड इंजिनवर डी, म्हणजे पुढं जायचा गिअर, टाकून ब्रेक सोडायचा, सरकताना थरथर होते का बघायचं. रिव्हर्समध्ये थोडासा चढ चढवायचा. मग अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवून परत तेच करायचं, कारण गरम झाल्यावर पहिला ते दुसरा बदलताना झटका येत असेल तर तो तेव्हाच येतो, आणि विकणारे नेमकी दहा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह देतात. गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल माग, तोंडी नको, कागद. शनिवारी येणार असशील तर मी सोबत येतो, स्कॅनर माझ्याकडं आहे, फक्त शुक्रवारी रात्री एक फोन कर म्हणजे पोराला गॅरेज उघडायला सांगून ठेवतो.