गटात पहिल्यांदा येताना

अगं, बाळंतपणानंतर मन खचलेल्या आयांच्या या गटात पहिल्या दिवशी काही बोलायलाच हवं असं नाही. नाव सांग, बाळाला मांडीवर घे, ऐकत बस. मध्येच पाजावं लागलं तर पाज. तिथे कुणी मान वळवून बघत नाही. सासूबाई सोबत येणार म्हणत असतील तर माझ्या मते पहिल्या खेपेला त्यांना बाहेरच बसव, नाहीतर तुझं अर्धं बोलणं घशातच राहील.

बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस उगाच रडू येणं बहुतेकींना होतं, ते आपसूक ओसरतं. पण दोन आठवडे उलटूनही बाळ झोपलेलं असताना तुला झोप लागत नसेल, डिंकाचा लाडू समोर असून घास उतरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. १९८७ पासून वापरात असलेली १० प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली बहुधा भरून घेतील, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे खोटं लिहू नकोस. अंगावर पाजतेस हे आधीच सांग. सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरची औषधं पाजतानाही देता येतात. फरक पडायला काही आठवडे लागतात, मनानेच बंद करू नकोस. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही तपासून घे, 'बाळंतिणीला होतंच असं' म्हणत ते राहून जातं.

स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं, भास व्हायला लागले, तर गटाच्या बैठकीची वाट बघू नकोस. घरच्यांना उठव, दवाखाना गाठ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर रात्रीही लागतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि हो, येताना दुपटी जास्तीची आण.