पाऊस संपल्यावरही जंगली जायफळाच्या झाडांच्या दलदलीत (मायरिस्टिका स्वॅम्प) पाणी कुठून येतं?

बहुतेक पाणी आजूबाजूच्या डोंगरउतारातून, जमिनीखालून झिरपत येतं. सिंधुदुर्गातली हेवाळे-बांबर्डे किंवा गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई, दोन्ही जांभ्याच्या मुलखात आहेत. जांभा सच्छिद्र, त्यामुळे पावसाळ्याचं पाणी त्यात सहज मुरतं. त्याखाली बऱ्याच ठिकाणी शेडीचा म्हणजे चिकणमातीचा चिकट थर असतो, तिथे ते अडतं आणि आडवं सरकत दरीच्या तळाशी झऱ्यांतून बाहेर पडतं. कोकणात डोंगरपायथ्याच्या विहिरींना पाणी येतं तेही साधारण असंच. पावसाळ्यात मात्र ओढ्याचं आणि उतारावरून वाहून आलेलं पाणी भारी पडतं.

दलदल म्हटलं की डबकं डोळ्यासमोर येतं, पण इथलं पाणी संथ का होईना, वाहतं असतं. एका बाजूने झिरपून येतं, दुसऱ्या बाजूने ओढ्याला मिळतं. काही पाणी झाडं पितात: उन्हाळ्यात अशा जंगलात भूजलाची पातळी दिवसा किंचित उतरते आणि रात्री झाडं थंडावली की पुन्हा चढते. पाण्याने भरलेल्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून तर या झाडांची मुळं गुडघ्यासारखी वाकून वर येतात.

हे सगळ्याच दलदलींना लागू नाही. फ्लोरिडातल्या सायप्रसच्या खोलगट दलदलींत पाणी मुख्यतः पावसाचं, आणि तिथून ते उलट खाली भूजलात झिरपतं.