सरकारी मानसोपचाराची सेवा कमी झाली की घरात नेमका काय फरक पडतो?

आकडे नकोत, अनुभव सांगा म्हणालात, म्हणून घरातलंच लिहिते. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अतोनात चढतं, कधी पार उतरतं असा आजार; बारा वर्षं लिथियम या गोळीवर आहे.

आमच्या सरकारी ओपीडीत आधी आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर असत, मग एकच दिवस उरला. काउन्सेलर बाईंचं कंत्राट संपलं, ते वाढवलं नाही. ऐकायला किरकोळ वाटेल. पण बाई हिंदीभाषक असूनही आईचं "जीव रमत नाही", "घाबरंघुबरं होतं" त्यांना बरोबर कळायचं. भाऊ 'चढायला' लागला की आधी झोप कमी होते, म्हणून ते ओळखायचं तर त्याच्या झोपेचे तास मोजा, हे त्यांनीच शिकवलं. इंदुरात ते सोपं नाही हो! रात्री एक वाजता सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जिलेबी खाणाऱ्याला इथे कोण आजारी म्हणणार?

त्या गेल्यावर दर खेपेला नवा चेहरा आणि "कब से है?"पासून सुरुवात. आईने तीनदा सगळं सांगितलं, मग सांगेनाशी झाली.

पुढे चिठ्ठीवर "बाहर से लें" यायला लागलं. गोळी तशी महाग नाही, पण रक्तातली लिथियमची पातळी, थायरॉइड, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन हे सारखं खाजगीत तपासायचं म्हणजे खर्चच. पातळी थोडी वाढली तर विषबाधा, उतरली तर आजार उसळतो, त्यामुळे तपासणी टाळता येत नाही. आमच्यावर बोजा नको म्हणून भावाने गुपचूप निम्म्याच गोळ्या घ्यायला सुरुवात केली. पाच आठवड्यांनी हप्त्यांवर दोन मोटारसायकली घेऊन आला. चोवीस दिवस ॲडमिट होता. माझ्या शिकवण्या सुटल्या. एक गाडी अजून अंगणात उभी आहे.

सरकारी आवश्यक औषधांच्या यादीतली मनोविकाराची औषधं सरकारी रुग्णालयात कायम मोफत मिळाली पाहिजेत, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. वकील मामेभावाने ते छापून दिलं. औषधाच्या खिडकीवरच्या मुलाने नीट वाचलं, हळहळला आणि "स्टॉक नहीं है दीदी" म्हणाला. त्याच्यावर काय चिडणार?

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर जवळ ठेवा. रात्री दोनला मी तो लावलाय, धीर येतो. रक्त मात्र फोनवर तपासता येत नाही.

झोपेची वही आता मी लिहिते. परवा सहा तास, काल साडेचार. ओपीडी गुरुवारी आहे, आज शनिवार.