प्रश्न तुमचे : प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत तेव्हा

प्रश्न : पाळकसाहेब, जय ख्रिस्त. माझ्या पतीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याला आता चौदा महिने होतील. आठवड्यातून दोनदा आम्ही एस.टी.ने शहरात डायलिसिससाठी जातो. शेताचा एक तुकडा विकावा लागला, मुलीचे कॉलेज कसेबसे चालू आहे. मी लहानपणापासून मंडळीत (चर्चमध्ये) वाढले. तरी हल्ली गुडघे टेकले की नुसते रडू येते, शब्द सुचत नाहीत. मंडळीतले काही जण म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतो. बाहेरगावच्या एका प्रार्थनासभेत तर डायलिसिस बंद करून विश्वासाने उभे राहा, असे आम्हाला सांगण्यात आले. माझा विश्वास खरोखरच संपला आहे का? अशा वेळी बळ आणायचे तरी कोठून?
– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ताई, जय ख्रिस्त. जे तातडीचे आहे ते आधी लिहितो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका. मूत्रपिंडांनी काम थांबवले की शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठत जाते आणि त्यामुळे हृदय बंद पडू शकते. उपचार सोडणे म्हणजे विश्वास, असे पवित्र शास्त्र कोठेही शिकवत नाही. पौलाबरोबर फिरणाऱ्या लूकचा उल्लेख कलस्सैकरांस पत्रात ‘प्रिय वैद्य’ असा आहे. त्याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथे आजारी अवस्थेत मागे ठेवले, हे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एका ओळीत येते, आणि तेथे त्रफिमाच्या विश्वासाबद्दल दोषाचा एक शब्दही नाही. ज्यांनी तुम्हाला तसा सल्ला दिला त्यांना तुमच्या पतीच्या जिवाची जोखीम उचलावी लागणार नाही. ती तुमच्या घरावर येईल. म्हणून याबाबत मी कोणतीही भीड ठेवत नाही.

खर्चाबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, आणि २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ही सेवा मोफत देण्याची तरतूद आहे. शेताचा दुसरा तुकडा विकण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि आधारकार्ड दाखवून चौकशी करा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुमचा विश्वास संपलेला नाही. विश्वास संपलेला माणूस गुडघे टेकत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये स्तुतीची गीते पुष्कळ गायिली जातात, आणि ती गायिली जावीतच. परंतु विलापाला आपण उपासनेत फारशी जागा ठेवलेली नाही, आणि म्हणून दुःखी माणसाला वाटू लागते की आपले रडणे देवाला चालत नाही. स्तोत्रसंहितेत मात्र विलापाची स्तोत्रे कितीतरी आहेत. तेरावे स्तोत्र ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ याच प्रश्नाने सुरू होते. अठ्ठ्याऐंशीवे तर सबंध वाचूनही उजेडाकडे वळत नाही, त्याची अखेर अंधारातच होते. तरीही ते देवाच्या लोकांनी आपल्या प्रार्थनांमध्ये जपून ठेवले. बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, हा आपल्या प्रभूने वधस्तंभावर उच्चारला. ज्या शब्दांत ख्रिस्ताने प्रार्थना केली, त्या शब्दांना अविश्वास म्हणण्याचा अधिकार कोणत्याही मंडळीला नाही.

पंडिता रमाबाईंचे जीवन मला अशा वेळी नेहमी आठवते. दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले, आणि तान्ह्या मुलीला, मनोरमेला घेऊन त्या उभ्या राहिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मला अजून मिळाला नव्हता, अशी कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली. मनाला समाधान मिळायला त्यांना आणखी बरीच वर्षे लागली. उपाशीपोटी दुष्काळातून चालत गेलेल्या याच बाईने १८९६-९७च्या दुष्काळात शेकडो मुली आणि विधवांना आसरा दिला, आणि केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. १९२१ मध्ये मनोरमाही वारली. त्यानंतरही, ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवीपर्यंत, त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेल्या आपल्या मराठी बायबलच्या कामात होत्या. रमाबाईंना बळ एकदम आणि भरपूर मिळाले होते, असे मला वाटत नाही. त्या त्या दिवसाच्या कामापुरते ते मिळत गेले असावे.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट (१ राजे, अध्याय १९) तुम्ही संडे स्कूलमध्ये ऐकली असेल. झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी होते. तो जेवला, पुन्हा झोपला, पुन्हा जेवला, मग चालू लागला. चौदा महिने आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बाईने स्वतःसाठी ताटात दोन घास वाढून घेणे आणि दुपारी तासभर पडणे, यालाही मी देवाने दिलेले बळ स्वीकारणेच म्हणतो.

तुमच्या मंडळीतील बंधुभगिनींनाही या उत्तरातून दोन शब्द सांगायचे आहेत. पवित्र शास्त्रातील दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे वागणे योग्य होते. त्यांनी दुःखाची कारणे सांगायला सुरुवात केली आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला. एकमेकांची ओझी वाहा, ही आज्ञा या घरापुरती अगदी साध्या कामांत उतरते : महिला मंडळाने डायलिसिसच्या दिवशी डबा पाठवावा, तरुण संघातील कोणी पतीसोबत शहरात जावे, आणि कॉलेजच्या फीचा विषय पंचांच्या बैठकीत निघावा. ताई, हे पाळकांना आणि मंडळीच्या वडीलजनांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. गेथशेमाने बागेत प्रभूनेही तिघा शिष्यांना आपल्यासोबत जागे राहायला सांगितले होते, तेव्हा सोबत मागण्यात कमीपणा मानू नका.

डायलिसिसच्या त्या चार तासांत पतीच्या उशाशी बसून तेरावे स्तोत्र हळू आवाजात वाचा. सहाच ओव्या आहेत. तुमचा आवाज दाटून आला, तर पुस्तक त्यांच्या हातात द्या आणि त्यांना वाचू द्या.